लाल दिव्यावरची काळी पट्टी

सिनेमाच्या धंद्यात प्यो सांगगिलला 'एकटेक प्यो' म्हणायचे. पाठीमागं म्हणायचे, आणि सोजू चढली की तोंडावर. कारण हा बाबा कुठलाही सीन एकदाच घ्यायचा. नट अडखळू दे, मधनं कुत्रं जाऊ दे, वरनं विमान जाऊ दे. "आलं ते आलं. जगताना मिळतो का दुसरा टेक?" एवढं बोलायचा, कॅमेरा गळ्यात टाकायचा आणि चालायला लागायचा.

आधी वीस वर्षं टीव्हीच्या मालिकांत राबला होता. तिथं सकाळी कागद हातात पडायचा आणि नटीनं कुठल्या शब्दाला डोळे पुसायचे तेसुद्धा त्यात लिहिलेलं असायचं. एके दिवशी त्यानं तो कागद गरम नूडलच्या वाडग्याखाली घातला, वाडगं रिकामं करून शांतपणे मिशी पुसली आणि जो उठला तो परत त्या दारात गेला नाही. त्याला झाली बारा वर्षं. बारा वर्षांत चार सिनेमे. किती जणांनी बघितले ते विचारू नका. चौथ्याच्या पहिल्या खेळाला सात माणसं होती, आणि त्यातली दोन थंडी वाजते म्हणून आत आली होती.

पण गडी सुखात होता. एकेक गोष्ट टाकत चालला होता, जसा एखादा चढावर ओझं टाकत जातो. पहिल्यांदा लिहिलेली गोष्ट टाकली. मग दिवेवाले गेले, मेकअपवाली गेली. शूटिंगच्या पहिल्या दिवशी डुकराची मुंडी मांडून सगळ्यांनी तिच्यापुढं वाकायचं असतं. भलेभले शिकलेले दिग्दर्शकसुद्धा आमच्या कोरियात मुंडीला वाकल्याशिवाय कॅमेऱ्याचं झाकण काढत नाहीत. ह्यानं तेही टाकलं. आणि सगळ्यात शेवटी टाकला तो पुकारा. म्हणजे एकानं ओरडायचं, 'कॅमेरा?' दुसऱ्यानं ओरडायचं, 'चालू!' 'आवाज?' 'चालू!' मग काम सुरू. सांगगिल म्हणायचा, "त्या बोंबाबोंबीत नटाच्या अंगातलं वारं निघून जातं." कॅमेऱ्याचा लाल दिवा बघितला की माणसाचं लाकूड होतं, म्हणून त्या दिव्यावरही त्यानं काळी चिकटपट्टी मारली. आतल्या पडद्यावरची चिन्हं, आकडे, तेही सगळं पुसून ठेवलं. नुसतं चित्र दिसलं पाहिजे, बस.

ह्या पट्टीचं तेवढं ध्यानात ठेवा.

पाचव्या सिनेमात नट एकच, बांग छुनसिक. वय एकाहत्तर. पन्नास वर्षं तंबूच्या नाटक मंडळीतनं गावोगाव हिंडलेला. आवाज असा, की बाजारात मुळ्याचा भाव विचारला तरी चार माणसं वळून बघायची. मंडळी मोडली, तंबू विकला गेला, सोबतचे एकेक करून मातीत गेले. आवाज तेवढा राहिला. आणि जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं की गळ्यात गाठ आहे, आवाजाची पेटी अख्खी काढावी लागेल. काढली तर जगाल. नाही काढली तर पुढचं नवं वर्ष काही बघत नाही तुम्ही.

म्हातारा म्हणाला, "मग नाही बघत."

त्याची लेक योंजू रडून रडून अर्धी झाली. शेवटी तिनं सांगगिलला फोन केला, कारण बाप ऐकलं तर ह्याचंच ऐकायचा. सांगगिल गेला. दोघं दुपारभर बसले. उठताना छुनसिक म्हणाला, "एका बोलीवर जातो. माझा आवाज तुझ्या सिनेमात धरून ठेव. खोकत, कण्हत नाही, पुरा. भरल्या तंबूत लागायचा तसा. तो तुझ्याकडं राहिला, की हा सडका गळा न्या म्हणावं कुठं न्यायचाय तिथं."

ऑपरेशन सोमवारी होतं. शनिवारी दुपारी तीनला योंजू गाडी घेऊन येणार, बापाला सोलला नेणार. आधीच्या शूटिंगमध्ये खोकलाच जास्त आला होता. म्हणजे हातात राहिली शनिवारची सकाळ.

त्या सकाळी व्हॅन देग्वाल्योंगचा घाट चढत होती. चालवायला मिरान. ही पूर्वी सांगगिलची नोंदणीवाली. नटाच्या कुठल्या हातात कप होता, कुठलं बटण उघडं होतं, सगळं वहीत लिहून ठेवणारी. सांगगिलनं वही बंद केली तशी तिची नोकरीही गेली. तरी बाई ह्याची व्हॅन चालवायला यायची. का, ते तिलाच ठाऊक.

"मास्तर, मफलर वर घ्या जरा," मिरान आरशात बघून म्हणाली.

"सोमवारी गळाच जाणार. मफलर काय नाकाला बांधू?"

"नाकाला बांधा. तेवढंच दिसायला बरं."

म्हातारा खो खो हसला आणि हसता हसता खोकला. सांगगिल पुढच्या सीटवर होता. खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी धरली होती, तिच्यावर ऊन आलं. त्यानं जाड हातमोज्यानंच बटण दाबलं, नक्षी थोडा वेळ घेतली आणि कॅमेरा छातीवर सोडून दिला. तेवढ्यात वळण आलं, समोर मासळीचे मांडव दिसले आणि तो ओरडला, "थांब, थांब! इथंच!"

घाटावर सगळी थंडीभर पोलॅक मासा वाळत घालतात. लाकडी ओंडक्यांचे दोन मजली मांडव, त्यावर हजारो मासे शेपटीला दोरी बांधून उलटे टांगलेले. रोज गोठायचे, दुपारी थोडे सुटायचे, परत गोठायचे. सगळ्यांची तोंडं उघडी. वारा आला की एकमेकांवर आपटून खडखड वाजायचे.

"काय करायचं मी?" छुनसिकनं विचारलं.

"तुम्ही मासे मोजायला आलाय, दादा. बस."

"बस? तेवढ्यासाठी मला एवढ्या वर आणलंस?"

"मोजायला लागा. पुढचं पुढं."

मिरान जवळ आली. "साहेब, आजच्या दिवस पुकारा देऊ का? एकदाच विचारते, चालू का म्हणून."

"मिरान."

"आज दुसरा दिवस नाहीय, म्हणून म्हटलं."

"आपल्याकडं रोजच दुसरा दिवस नसतो," सांगगिल म्हणाला. बोलून त्याला स्वतःचंच बरं वाटलं. मग बटण दाबलं आणि कॅमेरा छातीशी धरला. डोळा लावायचा नाही, डोळा लावला की समोरचा माणूस नट होतो, असं त्याचं म्हणणं.

म्हातारा बर्फात उभा राहिला. मोजायला लागला. "एक. दोन. तीन." अगदी साधं, गिरणीतली पोती मोजावीत तसं. सातपर्यंत गेला आणि थांबला. एका माशापुढं वाकला.

"ए. तोंड मीट."

मासा कशाला मिटतोय.

"तोंड मीट म्हणतोय ना! माल्दोंग? अरे, ओ माल्दोंग तू! मेलास तरी तोंड उघडंच? जन्मभर माझी वाक्यं माझ्याआधी पुटपुटलास, भाड्या, अजून तेच?"

छुनसिक पुढं सरकला. आता तो मासे मोजत नव्हता, मोडलेल्या मंडळीची हजेरी घेत होता. "गुम्सुन! वोन्जूच्या मुक्कामात दातांच्या डॉक्टरचा हात धरून पळालीस, राणीचा मुकुट तेवढा ठेवून जायचास गं! चार महिने मी ढोलकीवाल्या योमला राणी केला. बुटका योम! हजर? उभा राहा. उभाच आहेस? बरं." प्रत्येकाला शिवी, प्रत्येकाची एक गोष्ट. त्याचा आवाज मोठा होत गेला, खोकला कुठं गेला कळलं नाही. ओंडक्यावरचा बर्फ घसरून खाली पडला. आणि शेवटी म्हाताऱ्यानं टोपी काढली, मांडवाकडं तोंड केलं आणि खेळ संपल्यावर तंबूत द्यायचे तशी हाक दिली. "खेळ संपला हो! पोरांचे हात धरा, चपला बघून घाला, सांभाळून घरी जा! आम्ही उद्या दुसऱ्या गावी!"

ती हाक डोंगराला लागून परत आली. हजारो मासे तोंडं उघडी ठेवून ऐकत होते. मिरानच्या तोंडात मफलरचा बोळा होता आणि डोळ्यांतनं पाणी.

अकरा मिनिटं झाली असतील. सांगगिलनं बटण दाबलं.

"आलं का रे?" म्हाताऱ्यानं विचारलं. आवाज आता बसला होता, चिरलेल्या बांबूसारखा.

"आलं, दादा. सगळं आलं."

"मग मला आधी मुतायला ने. हजेरीच्या नादात तेवढं राहिलं. इथं मासळीवर केलं तर चालेल का?"

"आधीच खारी आहे, मास्तर," मिरान नाक पुसत म्हणाली.

घाटाखालच्या खानावळीत तिघं जेवायला बसले. पोलॅकचंच सूप, पांढरं दुधासारखं, वर कांद्याची पात. म्हातारा खूश होता. गिळायला दुखत होतं तरी वाडगं तोंडाला लावत होता. सांगगिलनं सहज, हात रिकामा होता म्हणून, कॅमेऱ्याचा पडदा उघडला.

दोन तुकडे होते.

पहिला तुकडा खिडकीवरच्या नक्षीनं सुरू झाला. नक्षी संपली तरी तुकडा संपला नाही. सांगगिलचा पट्टा, गुडघा, व्हॅनचं दार, बर्फ. त्याचाच आवाज, 'मोजायला लागा, पुढचं पुढं.' मिरानचा आवाज, 'आजच्या दिवस पुकारा देऊ का?' 'आपल्याकडं रोजच दुसरा दिवस नसतो.' आणि खट्. संपलं.

दुसऱ्या तुकड्यात पहिल्यांदा छुनसिकचा बूट दिसत होता. 'आलं का रे?' 'आलं, दादा. सगळं आलं.'

मधली अकरा मिनिटं नव्हतीच.

व्हॅनमध्ये त्यानं कॅमेरा सुरू केला होता तो बंद करायचा राहिला. मांडवापाशी सुरू करायला म्हणून बटण दाबलं तेव्हा तो बंद झाला. संपवायला दाबलं तेव्हा सुरू झाला. सिनेमाच्या धंद्यातलं शेंबडं पोरगंसुद्धा ही चूक एकदा करतं आणि शिव्या खाऊन शहाणं होतं. तो पुकारा असतो तो ह्याच्यासाठीच. लाल दिवा असतो तोही ह्याच्यासाठीच.

"मुळा घे की," म्हातारा म्हणाला. "काय रे? भूत बघितलंस?"

"दादा, जरा... बाहेर जाऊन येतो."

मिरान मागोमाग आली. खानावळीच्या मागं मसाल्याच्या मोठ्या रांजणांची रांग होती, तिथं तो उभा होता. तिनं त्याच्या हातातला कॅमेरा घेतला, बघितलं, परत बघितलं. नखानं ती काळी पट्टी उपटून काढली आणि त्याच्या कोटाला चिकटवली.

"आता बोल," ती म्हणाली. साहेब बिहेब गेलं. "बोल की. जगताना मिळतो का दुसरा टेक?"

"मिरान, गप."

"बारा वर्षं गपच आहे. दीड तास आहे अजून. आत जा, त्याला सांग, पाया पड, परत घे."

"सांगितलं तर तो दवाखान्यात जाणार नाही."

मिरान बोलायला गेली आणि थांबली. तिच्याही आत्ताच डोक्यात आलं ते.

"तेवढ्याच बोलीवर जातोय तो," सांगगिल म्हणाला. "आवाज माझ्याकडं आहे, म्हणून."

तेवढ्यात मागचं दार ढकलून म्हातारा स्वतःच बाहेर आला, दात कोरत. "योंजूचा फोन होता. निघालीय. मी म्हटलं, ये, कागदांवर सह्या करून टाकू. पोरगी फोनवरच रडायला लागली बघ." मग सांगगिलच्या पाठीवर थाप मारली. "काल रात्रीपर्यंत भीती होती. आता नाही. आता काय, काढून घ्या म्हणावं. माल तर तुझ्या पेटीत आहे."

सांगगिलनं घसा साफ केला. "दादा, एक विचार होता. जाता जाता आणखी एकदा घेऊ या का? दुसऱ्या बाजूनं. नुसतं... असावं म्हणून."

म्हाताऱ्यानं दातकोरणी तोंडातनं काढली. "तू? दुसऱ्यांदा?"

"हो."

"शूटिंगच्या दुसऱ्या आठवड्यात मी एका वाक्याला अडखळलो. परत घे म्हणून हात जोडले तुला. काय म्हणालास तेव्हा? 'अडखळणं हाच माणूस, दादा.' नाकानं कांदे सोलत होतास. आणि आज?" त्यानं डोळे बारीक केले. सांगगिल जमिनीकडं बघायला लागला. "बरं झालंय ना ते? काही बिघडलं तर नाही?"

"छे. चांगलं झालं म्हणूनच. हाव सुटली, दादा."

हाव म्हटल्यावर म्हातारा खुलला. नटाला ते कळतं.

परत मांडवापाशी गेले. ऊन उतरलं होतं. आता लाल दिवा उघडा होता, लख्ख पेटलेला. मिरान घाटात घुमेल अशी ओरडली, "कॅमेरा?" सांगगिल ओरडला, "चालू!" "आवाज?" "चालू!" आणि छुनसिक माल्दोंगपुढं उभा राहिला. का दुसऱ्याच कुठल्या माशापुढं. सगळे सारखेच दिसत होते.

त्यानं तोंड उघडलं. आतनं नुसती हवा आली, फुटक्या भात्यातनं यावी तशी. पुन्हा दम घेतला. "तोंड..." एवढं निघालं, तेही खरवडल्यासारखं. तिसऱ्यांदा ओठ हलले, पण आवाज काही आला नाही. सांगगिलनं कॅमेरा डोळ्याला लावला होता. लाल दिवा पेटलेलाच होता.

म्हातारा वळला आणि चक्क हसला. कुजबुजत म्हणाला, आणि ती कुजबूज ऐकायला दोघांना पुढं वाकावं लागलं, "संपला रे. सकाळीच संपला. बरं झालं बाबा, सकाळी घेतलंस."

तीनला योंजू आली. तिनं सांगगिलचे दोन्ही हात धरून कमरेत वाकून आभार मानले, एकदा नाही, तीनदा. म्हाताऱ्यानं गाडीची काच खाली केली. बोटानं आधी गळ्याकडं, मग सांगगिलच्या छातीवरच्या कॅमेऱ्याकडं खूण केली, आणि कुलूप लावल्यासारखं बोट फिरवलं. गाडी गेली.

"आता?" मिराननं विचारलं.

सांगगिलच्या कोटावर ती पट्टी अजून होती.

ऑपरेशन चांगलं झालं. सगळे म्हणाले, नशीबवान आहे. गळ्याला भोक, त्यात नळी, आणि हातात पुसायची पाटी. पहिल्या भेटीला त्यानं पाटीवर लिहिलं, 'कधी दाखवतोस?' सांगगिल म्हणाला, काम चालू आहे, दादा. दुसऱ्या भेटीलाही तेच. तिसऱ्या भेटीला म्हाताऱ्यानं लिहायचेही कष्ट घेतले नाहीत, मागचं लिहिलेलंच वर धरलं. मधल्या काळात सांगगिलनं कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. व्हॅन मिराननं दुसऱ्या कुणाला तरी चालवायला दिली होती आणि स्वतः एका शाळेत जेवण वाढायला लागली होती.

मे महिन्यात तो लॅपटॉप घेऊन गेला. योंजू कामावर होती. सांगगिलनं त्या सकाळचे दोन्ही तुकडे लावले आणि भिंतीकडं बघत बसला.

नक्षी. गुडघा. बर्फ. खट्. बूट. 'आलं का रे?' 'आलं, दादा. सगळं आलं.' 'मग मला आधी मुतायला ने. हजेरीच्या नादात तेवढं राहिलं.' मग पावलं, धारेचा आवाज, मिरानचं हसू, माशांचं खडखडणं, खानावळीत पळी वाडग्याला लागल्याचा आवाज. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत बघितलं. पडदा काळा झाला तरी बघत होता. मग पाटीवर लिहिलं.

'माझी माणसं?'

"नाही आली, दादा," सांगगिल म्हणाला. "मी बटण... कॅमेरा बंद होता. तेव्हाच कळलं होतं मला. सांगितलं असतं तर तुम्ही गेला नसता."

नळीतनं हवा आत जात होती, बाहेर येत होती. म्हातारा रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं पाटी पुसली आणि लिहायला लागला. 'ओ माल्दोंग.' पाटी सांगगिलपुढं धरली, हनुवटीनं खूण केली. वाच.

"ओ माल्दोंग," सांगगिलनं वाचलं.

पुसलं. 'गुम्सुन.'

"गुम्सुन."

पुसलं. 'बुटका योम.' वाचलं. असे अकरा जण झाले. शेवटी ती हाक, पाटीवर मावेना म्हणून तीन वेळा पुसून लिहिलेली. खेळ संपला हो, पोरांचे हात धरा, उद्या दुसऱ्या गावी. सांगगिलनं वाचलं. त्याचा आवाज मुळातच सर्दी झाल्यासारखा. रेशनच्या दुकानात नाव पुकारावं तसं वाचलं गेलं.

म्हाताऱ्यानं मान हलवली. लिहिलं, 'पुन्हा.'

सांगगिलनं परत पहिल्यापासनं घेतलं. ह्या वेळी मोठ्यानं. शेजारच्या फ्लॅटमधलं कुत्रं भुंकायला लागलं. शिव्याही आठवतील तशा घातल्या, पण शिव्या छुनसिकच्या होत्या, ह्याच्या तोंडात त्या कोरड्या लागत होत्या. गुम्सुनचा मुकुट का कंगवा, तेसुद्धा त्याला नीट आठवेना.

'पुन्हा.'

तिसऱ्यांदा केलं. चौथ्यांदा केलं. डोळे मिटून केलं, उभं राहून केलं. सातव्यांदा केलं तेव्हा घसा धरला होता आणि खिडकीतलं ऊन पलंगावरनं भिंतीवर गेलं होतं. जवळपाससुद्धा जात नव्हतं ते. दोघांनाही कळत होतं.

म्हातारा आता पाटी पुसतही नव्हता. तोच शब्द मांडीवर ठेवून त्यावर बोटानं टकटक करत होता. सांगगिलनं पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "ओ माल्दोंग."